सोबत यादी जोडली आहे

आमच्या घरात देव्हाऱ्याच्या कोनाड्यात फायली असत. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव निघाले आणि कोनाडा मोकळा झाला. वडिलांना मोकळी जागा बघवत नसे. त्यांनी तिथे अर्जांच्या नकला रचल्या. रेशनकार्डाचा अर्ज, विहिरीच्या हद्दीचा अर्ज, शाळेतल्या मास्तरांविरुद्धचा अर्ज, आणि त्या अर्जाच्या स्मरणपत्राचं स्मरणपत्र. एकदा एसटी उशिरा आली म्हणून त्यांनी आगारप्रमुखांना तीन प्रतींत लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली, आणि हे आपल्या अर्जाचं फळ आहे असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. मी त्यांची मुलगी. तालुक्याच्या गावी एका सरकारी कार्यालयात मुख्य लिपिक होते, आणि अख्ख्या गावाचे अर्ज माझ्या हातून जात. लोक म्हणत, बाईनं लिहिलेला कागद परत येत नाही. मला हे ऐकायला आवडायचं, खोटं कशाला सांगू?

कापसाची ती वाईट वर्षं होती. कधी बोंडअळी, कधी भाव, कधी फवारणीनं लागलेलं विष. माणसं जीव देत होती आणि दर सोमवारी आमच्या कार्यालयातून त्यांचं विवरणपत्र वर जायचं. नाव, गाव, वय, सातबारा कोणाच्या नावावर, मदतीला पात्र की अपात्र. टंकलेखन माझ्याकडे होतं. एक रकाना जरी रिकामा दिसला तरी वरून फोन यायचा. माणूस गेला याबद्दल कधी फोन आला नाही, रकान्याबद्दल मात्र हमखास यायचा. मी रकाना रिकामा राहू दिला नाही. तिसऱ्या वर्षी माझी झोप उडाली. पुढे तर टाइप करता करता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि साहेबांनी मला पंख्याखालची जागा बदलून दिली. त्यांना वाटलं, धूळ जाते.

दर गुरुवारी जिल्ह्याच्या गावाहून एक डॉक्टर आमच्याकडे येत. मनाचेही आणि मेंदूचेही. पाटीवर मात्र फक्त मेंदू होता. मन लिहिलं असतं तर तो जिना कोणी चढलं नसतं. मीही तोंडाला ओढणी बांधून चढले. डॉक्टर चांगले होते. त्यांनी ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, आणि महिनाभरात मला तीन-चार तास झोप लागू लागली. खोट होती ती खालच्या मजल्यावर, म्हणजे कम्पाउंडरच्या टेबलावर.

आमच्याकडे डॉक्टरकडे नंबर लावायची पद्धत आहे. आधी लोक पहाटे येऊन दवाखान्याच्या पायरीवर चपला, पिशव्या, विटा मांडून नंबर लावत. मग मोबाइल आले आणि कम्पाउंडरनं 'गुरुवार नंबर' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. बुधवारी संध्याकाळी तो त्यावर कोणाचा कितवा नंबर ते लिहून टाकायचा. चपलांची जागा मोबाइलनं घेतली म्हणून सगळे खूश होते. एकदा ग्रुपात आलेला माणूस बरा झाला तरी निघत नसे, कारण तिथं रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि सुविचार यायचे. बाहेर पडावं तर 'अमुक बाहेर पडले' अशी दवंडी पिटली जायची.

एका बुधवारी कम्पाउंडरला मेव्हण्याच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जायचं होतं. नंबर लिहीत बसायला वेळ नव्हता. त्यानं रजिस्टरच्या पानाचाच फोटो काढला आणि टाकला ग्रुपवर. अनुक्रमांक, नाव, गाव, मोबाइल, आणि शेवटचा रकाना तक्रार. सातव्या क्रमांकावर मी होते. 'झोप नाही, रडू येते, ऑफिसात जास्त.' अकरा जणांनी हात जोडले. एकानं गुलाब टाकलं. आठव्या नंबरच्या गृहस्थांनी विचारलं, सात नंबरवाल्या बाई नाही आल्या तर मी लवकर येऊ काय?

तिथवर ठीक होतं. पण कोणीतरी तो फोटो 'कापूस भाव' या ग्रुपवर ढकलला. त्या ग्रुपात व्यापारी होते, जिनिंगवाले होते, शेतकरी होते, अर्धं सरकारी कार्यालय होतं. सगळे भाव कधी येतो याची वाट बघत बसलेले असत. त्या दिवशी भाव आला नाही, आमची यादी आली. लोकांनी ती भावापेक्षा मन लावून वाचली.

दुसऱ्या दिवसापासून माझी काळजी सुरू झाली. त्या वर्षांत आमच्या भागात झोप न येणारा माणूस म्हणजे अर्धा गेलेलाच समजत. साहेबांनी माझ्या टेबलावरचा फायली शिवायचा दाभण आणि सुतळी उचलून आपल्या कपाटात ठेवली. टाचणी लागली तर मागून घ्यावी लागे. संध्याकाळी घरी जाताना शेजारच्या टेबलावरचे भाऊ रोज विचारत, "मॅडम, उद्या येता ना?" खसखस, जायफळ, तळपायाला तूप, सगळे उपाय दाराशी चालून आले. फोनही यायला लागले. एकजण तेल विकत होता. एक बाई गोड आवाजात म्हणाली, तुमची माहिती बाहेर गेली आहे, ती बंद करायची असेल तर जन्मतारीख आणि आधारचा नंबर सांगा. मी जन्मतारीख सांगूनही टाकली. आधारच्या चौथ्या आकड्याला माझा राग आडवा आला म्हणून वाचले.

आता खरी गोष्ट. आमच्या कार्यालयात एक शिपाई बाई होती. तिचा नवरा इथंच शिपाई होता, तो अपघातात गेला, आणि त्याच्या जागी ही अनुकंपावर लागली. एक मुलगी शाळेत. दोन वर्षं नीट गेली की कायमचा आदेश निघणार होता, आणि दुसरं वर्ष सरत आलं होतं. फोटो फुटल्याच्या तिसऱ्या दिवशी ती माझ्यासाठी चहा घेऊन अभिलेख कक्षात आली आणि दार ओढून घेतलं.

"मॅडम, ते पान पाह्यलं का तुमी?"

"पाहिलं."

"त्याच्यात अकरा नंबर मी आहो. नाव अर्धं त्या कम्पाउंडरच्या अंगठ्याखाली गेलं, मोबाइल बी माह्या भावाचा हाये. म्हनून कोनाच्या ध्यानात नाई आलं अजून." तिनं कप माझ्यापुढे ठेवला. "लहानपनापासून फिट येते मले. गोळी चालू असली का येत नाई. पाच वर्सं झाले, एकबी नाई आली. पन नोकरीवर लागतानी म्या सांगतलं नोयतं. आता साहेबाले समजलं तं कायम करतीन का? कोनाले सांगजा नोका, मॅडम. पोरगी हाये माही."

मी म्हटलं, "माझ्या तोंडून हे जायचं नाही." आणि तोंडून गेलंही नाही.

त्याच आठवड्यात मी अर्जाला बसले. माझं डोकं भणाणलेलं होतं. माझं रडू कापसाच्या भावाच्या जागी फिरलं होतं, कोणाला तरी याचं उत्तर द्यावं लागणार होतं. पोलीस, ग्राहक मंच, डॉक्टरांची परिषद, आरोग्य अधिकारी, सगळ्यांना एकेक. मजकूर इतका कडक झाला की वडील असते तर त्यांनी कोनाड्यात सर्वांत वर ठेवला असता. शेवटी नेहमीप्रमाणे लिहिलं, सोबत यादी जोडली आहे.

यादी म्हणजे तो फोटो. त्याची झेरॉक्स काळी आली. आणि अस्पष्ट प्रत कुठल्याच कार्यालयात घेत नाहीत, हे मीच आयुष्यभर लोकांना सांगत आले होते. म्हणून मी फोटो समोर ठेवून त्याची स्वच्छ टंकलिखित प्रत तयार करायला घेतली. सरळ रेघा, पाच रकाने. इतरांच्या तक्रारी टाइप करताना मी त्या वाचतही होते, हेही सांगून टाकते. किराणा दुकानदाराला गर्दीची भीती वाटते, बँकेतल्या माणसाचे हात थरथरतात. वाचताना जरा बरंही वाटत होतं की एकटी मीच नाही. मग अकरावा क्रमांक आला. फोटोत अर्धं नाव आणि त्यावर अंगठा. मी ते पूर्ण केलं. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, 'फिट येणे, गोळ्या चालू'.

त्या क्षणाची मी स्वतःच कितीदा चौकशी केली आहे. द्वेष नव्हता. विसरले असंही नाही, तिनं नुकताच आणून ठेवलेला चहा टेबलावरच होता. सोमवारचं विवरणपत्र भरत असल्यासारखी बोटं चालली आणि रकाना भरला, याहून मोठं कारण मला सापडलं नाही.

आणि मग मी ते केलं, जे फक्त सरकारी लिपिकच करू शकतो. सरकारी नोकरानं वरच्या कार्यालयांशी परस्पर पत्रव्यवहार करू नये, म्हणून माझ्या खाजगी तक्रारीचे सगळे अर्ज मी 'योग्य मार्गाने' पाठवले. म्हणजे आमच्या साहेबांमार्फत. त्या दिवशी टपालाची फाइल त्या शिपाई बाईनंच उचलून साहेबांपुढे नेऊन ठेवली.

साहेबांकडून अर्ज पुढे जायची वाट बघण्याएवढा धीर मला नव्हता, म्हणून एक प्रत घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. हवालदारांनी खुर्ची दिली.

"चोरीले काय गेलं, मॅडम?"

"माहिती."

"आता ते तुमच्यापाशी नाई काय?"

"आहे ना. मलाच तर झोप येत नाही."

"मंग गेलं काय?" ते खरोखर गोंधळले होते. त्यांनी माझा अर्ज वाचला, मग सोबतची यादी वाचली, मग पलीकडच्या दोघांना बोलावून तीही वाचायला दिली. "अरे, हे किरानावाले भाऊ बी हायेत याच्यात!" असं म्हणून तिघंही माझ्याकडे आदरानं बघायला लागले. टंकलेखन फार साफ होतं, असंही एकानं सांगितलं.

मग मी रजा टाकून एसटीनं जिल्ह्याच्या गावी वकिलांकडे गेले. वकील माझ्यापेक्षा लहान, पण चष्म्याआडून बघणारे. त्यांनी सांगितलं की रोग्याच्या आजाराची माहिती ही कायद्यानं नाजूक माहिती धरली आहे. दवाखान्यानं ती नीट सांभाळली नाही आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते. त्यासाठी मुंबईला मंत्रालयात एक अधिकारी असतो. ग्राहक मंचातही जाता येतं, डॉक्टरांच्या परिषदेकडेही. पण पहिलं पाऊल साधं असतं. दवाखान्याला लेखी नोटीस द्या, फोटो पुसायला लावा, ग्रुप बंद करायला लावा, आणि कोणाकोणाकडे गेला ते लिहून मागा. अनोळखी फोनवर काहीही सांगू नका. पुरावा म्हणून मोबाइलवरचा फोटो तसाच जपून ठेवा, पुढे पाठवू मात्र नका.

"आणि तक्रारीला जोडताना आपली ओळ ठेवायची," ते म्हणाले, "बाकीच्यांची नावं काळी करायची."

"खाडाखोड?" मी म्हटलं. आमच्या खात्यात खाडाखोड केलेल्या कागदाला कोणी हात लावत नाही.

"खाडाखोड नाही मॅडम, झाकणं. ती माणसं तुमच्या तक्रारीत आलेली नाहीत. बघू, तुम्ही काय जोडलंय?"

मी प्रत दिली. त्यांनी वाचली. योग्य मार्गाने हे शब्द वाचून ते आधी हसले. "तुमच्या झोपेचा आणि तुमच्या खात्याचा काय संबंध?" मी म्हटलं, तसा फार जवळचा आहे. मग त्यांनी पान उलटलं, यादी बघितली, मोबाइलवरचा फोटो बघितला, आणि अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. "हे नाव फोटोत पूर्ण दिसत नाही. तुमच्या प्रतीत कुठून आलं?"

तोवर मला कळलं नव्हतं. शपथेवर सांगते, त्यांनी विचारेपर्यंत कळलं नव्हतं. मी उठले आणि मिळेल ती गाडी धरली.

कार्यालयात पोचले तोवर साहेबांनी सगळं वाचून काढलं होतं. माझ्या अर्जावर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. यादीच्या अकराव्या ओळीसमोर समासात मात्र हिरव्या शाईत शेरा होता, 'सदर कर्मचाऱ्याची वैद्यकीय फेरतपासणी करावी काय? टिपणी सादर करा.' टिपणी माझ्याच टेबलावर आली.

"साहेब, मला अर्ज परत घ्यायचा आहे," मी म्हटलं.

"घ्या ना. पन मले समजलं ते कसं परत घेऊ?" ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "तुमीच तं सादर केलं, मॅडम."

मी वकिलांना फोन केला आणि टिपणी लिहायला बसले. आयुष्यात इतकी लांब टिपणी लिहिली नव्हती. ही माहिती बेकायदा फुटलेली आहे. तिच्या आधारे कोणावर कारवाई केली तर कार्यालयही त्या गुन्ह्यात सामील धरलं जाऊ शकतं. गोळ्यांवर असलेली आणि पाच वर्षांत एकही फिट न आलेली बाई टपाल वाहायला अपात्र ठरते असा नियम दाखवावा. शेवटी, या ओळीतलं नाव निम्नस्वाक्षरितानं स्वतःच्या हातानं पूर्ण केलं असून मूळ फोटोत ते पूर्ण दिसत नाही. गुन्हा हा शब्द साहेबांनी दोनदा वाचला. मग त्यांनी जे करायचं तेच केलं. सगळी फाइल, टिपणी आणि यादीसकट, मार्गदर्शनासाठी वर पाठवली.

वरच्या कार्यालयाला आमचं प्रकरण फारच गंभीर वाटलं. महिन्याभरात त्यांनी परिपत्रक काढलं. कर्मचाऱ्यांनी आपल्या आजारपणाची माहिती गोपनीय ठेवावी, दवाखान्यांच्या ग्रुपमध्ये सामील होऊ नये, अशा प्रकारे माहिती कशी उघड होते हे सोबतच्या कागदपत्रांवरून सर्वांनी समजून घ्यावं. सोबत माझा अर्ज होता आणि माझी यादी. परिपत्रक दिग्रसला गेलं, राळेगावला गेलं, पांढरकवड्याला गेलं, जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांना गेलं. फोटोतून जे कोणाला दिसलं नव्हतं ते माझ्या टंकलेखनात सगळ्यांना स्पष्ट दिसलं.

परिपत्रक आलं की ते टेबलोटेबल फिरवून 'वाचले' म्हणून सह्या घ्यायच्या, हे शिपायाचं काम. तिनं फिरवलं. एकेक जण वाचायचा, मान वर करून तिच्याकडे बघायचा आणि सही करायचा. माझ्या टेबलाशी ती आली तेव्हा मी सही केली, कारण न करण्याची सोय नव्हती. ती कागद घेऊन पुढच्या टेबलाकडे गेली. त्या दिवशी मी गोळी घेऊनही झोपले नाही.

वकिलांच्या सांगण्यावरून मी पाठवलेल्या नोटिशीला दवाखान्यानं उत्तर दिलं. झाल्या गोष्टीबद्दल खेद आहे, ग्रुप बंद केला आहे. बंद केला हे खरं होतं. पुढच्या बुधवारी 'गुरुवार नंबर गोपनीय' असा नवा ग्रुप निघाला, सभासद तेच. कम्पाउंडर मला रस्त्यात भेटला तर म्हणाला, "ताई, तुमच्यासाठीच नाव बदलवलं."

आणि ती कायम झाली. मार्गदर्शन म्हणून वरून एवढंच आलं की नियमानुसार उचित कार्यवाही करावी. साहेबांना कशावरच सही करायची भीती बसली होती. त्यातल्या त्यात कमी भीतीचा कागद म्हणून त्यांनी कायमच्या आदेशावर सही केली. तिनं सगळ्यांना पेढे वाटले. मलाही एक दिला, तो मी घरी नेऊन खाल्ला आणि खूप रडले. मला वाटलं, सुटलो. ती सुटली आणि तिच्याबरोबर मीही.

पण लोक तिच्याशी वेगळे वागू लागले होते. ती चहा घेऊन आली की लोक कप झटकन तिच्या हातातून घ्यायचे. जिना चढताना कोणीतरी मागून चालायचं. एक दिवस ती जेवणाच्या सुटीत बाकावर डोळे मिटून बसली होती, तर तिघं चपला घेऊन धावले, तिच्या नाकाशी धरायला. ती जागीच होती. तिनं डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं, आणि कोणी न सांगता ते तिघं चपला खाली ठेवून गेले.

पावसाळा संपता संपता तिनं माझ्या टेबलावर एक अर्ज ठेवला. आंतरजिल्हा बदलीचा. जिल्हा बदलला की ज्येष्ठता जाते, गेल्या वर्षांची सेवा शून्य धरून सर्वांत खालून सुरुवात करावी लागते. तिला ते ठाऊक होतं. अक्षर अनोळखी होतं. न्यायालयाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनविसाचं असावं. वाक्यं तुटकी होती, एका ठिकाणी शब्द चुकला होता. माझी बोटं शिवशिवली.

"हा अर्ज बाहेरून कायले लिहून आणला?" मी विचारलं. "मी होती ना इथं."

"तुमी होत्या म्हनूनच, मॅडम," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिनं अर्जाची दुसरी प्रत पुढे केली आणि माझ्याकडून सही-शिक्क्यासह पोच मागून घेतली.